‘लॅकॉनिक’ला मराठीत काय म्हणायचं? अर्थ, उगम आणि वापर

टाकबोरू (प्रश्न)

इंग्रजीतल्या ‘लॅकॉनिक’ या विशेषणाबद्दल जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे. इंग्रजी-मराठी कोशांत त्यासमोर ‘संक्षिप्त’, ‘अल्पाक्षरी’, ‘त्रोटक’, ‘मितभाषी’ असे शब्द ओळीने दिलेले असतात. पण हे चार शब्द मराठीत एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘त्रोटक माहिती’ म्हटलं की ती अपुरी आहे अशी तक्रार असते, ‘अल्पाक्षरी कविता’ म्हटलं की कौतुक असतं. मग मूळ इंग्रजी शब्द स्तुतीचा की निंदेचा?

दुसरं, ‘टर्स’, ‘कन्साइज’, ‘सक्सिंक्ट’, ‘कर्ट’ हे सगळे थोडक्यात बोलण्याचेच शब्द. ‘लॅकॉनिक’ त्यांच्यापेक्षा वेगळा कशाने ठरतो? कथेत एखादं पात्र ‘लॅकॉनिकली’ काही बोललं, तर ते मराठीत कसं उतरवायचं? ‘तो संक्षिप्तपणे म्हणाला’ हे कानाला फार खटकतं.

तिसरं, हा शब्द स्पार्टावरून आला असं सगळीकडे सांगतात आणि सोबत राजा फिलिपला दिलेल्या ‘जर’ या एका शब्दाच्या उत्तराची गोष्ट असते. शब्द स्पार्टाचा, तर त्यात ‘ल’ आणि ‘क’ कुठून आले? ती गोष्ट कितपत खरी? आणि उच्चार ‘लॅ’ने सुरू करायचा की ‘ल’ने?

---

उंबरठा

आधी उच्चार, कारण तो पटकन संपतो. तीन अक्षरं, आघात मधल्यावर. पहिलं अक्षर आघाताशिवाय, ‘लगेच’मधल्या ‘ल’सारखं ओझरतं. म्हणजे ‘लकॉनिक’, अमेरिकी तोंडी मधला स्वर ‘का’कडे झुकतो. शेवटी ‘-इक’ असलेल्या बहुतेक इंग्रजी विशेषणांत आघात त्याच्या आधीच्या अक्षरावर पडतो, तसंच हेही. ‘आयकॉनिक’ म्हणून पाहा, चाल तीच आहे. मराठीत लिहिताना ‘लॅकॉनिक’ रुळलंय ते स्पेलिंग वाचून. लिहायला ते चालेल. बोलताना पहिल्या ‘लॅ’वर जोर दिला तर इंग्रजी ऐकणारा क्षणभर अडखळतो.

आता अर्थ. ‘कमी शब्द वापरणारा’ ही व्याख्या चुकीची नाही, अपुरी आहे. हा शब्द वापरावा की नाही हे ठरवताना तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, शब्द कमी असणं हा बोलणाऱ्याचा स्वभाव किंवा निवड आहे का? वेळ नव्हता, कागद संपला, भाषा नीट येत नव्हती म्हणून कोणी थोडं बोललं, तर ते ‘लॅकॉनिक’ नव्हे.

दुसरी, न बोललेलं ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं का? उत्तर छोटं आहे पण त्याच्या मागे एक अख्खं वाक्य उभं आहे, असं वाटलं पाहिजे. अर्थ पोचलाच नाही तर त्याला त्रोटक म्हणायचं.

तिसरी, आवाज शांत आहे का? राग, चिडचिड, घाई यांतून आलेलं तुकड्याचं उत्तर इथे बसत नाही. ‘लॅकॉनिक’ माणूस खाली-वर होत नाही. बऱ्याचदा त्याच्या बोलण्यात कोरडा विनोद असतो, म्हणूनच इंग्रजीत ‘लॅकॉनिक विट’ आणि ‘लॅकॉनिक ह्यूमर’ या जोड्या इतक्या दिसतात.

संगणकावर येणारा तीन शब्दांचा एरर मेसेज घ्या. तो ‘टर्स’ असतो. त्याला ‘लॅकॉनिक’ म्हटलं तर लेखक यंत्राला स्वभाव चिकटवतोय असं होतं. या शब्दामागे माणूस लागतो, निदान माणसाचा हात लागतो. शैलीला, गद्याला, एखाद्या पत्राला ‘लॅकॉनिक’ म्हणतात तेव्हाही लिहिणाऱ्याचा स्वभावच मोजलेला असतो. सुट्टी, बैठक, प्रवास अशा नुसत्या वेळाने छोट्या गोष्टींना तो लागत नाही. तिथे ‘ब्रीफ’ किंवा ‘शॉर्ट’.

स्तुती की निंदा, याचं उत्तर: मूळ झुकाव कौतुकाकडे, पण संदर्भाने बाजू बदलते. सेनापतीचं उत्तर ‘लॅकॉनिक’ असेल तर वाचक मान डोलावतो. समोरचा माणूस रडत असताना दिलेलं उत्तर ‘लॅकॉनिक’ असेल, तर त्यात कोरडेपणाचा ठपका येतो. शब्द तोच, परिस्थितीने किती बोलायची अपेक्षा ठेवली होती त्यावर छटा ठरते. म्हणून मराठी प्रतिशब्द कोशातून उचलण्याआधी प्रसंग वाचायचा.

आता तुमचा खरा प्रश्न, मराठीत आणायचं कसं. माणसाबद्दल असेल तर ‘मितभाषी’ चालतं, पण ते जरा पुस्तकी आहे. ‘मोजकं बोलणारा’ हे कथेत जास्त जिवंत वाटतं. शैलीबद्दल असेल तर ‘अल्पाक्षरी’, यापेक्षा चांगला शब्द नाही. उत्तराबद्दल असेल तर ‘मोजकं’ किंवा ‘मोजक्या शब्दांतलं’. ‘मितभाषी उत्तर’ असं छापलेलं दिसतं, ते चूक आहे: भाषी म्हणजे बोलणारा, आणि उत्तर काही बोलत नाही.

क्रियाविशेषणाला मात्र मराठीत विशेषण शोधूच नका. तिथे मराठीचं काम एक छोटासा ‘च’ करतो. ‘तो एवढंच म्हणाला.’ ‘ती इतकंच बोलली.’ इंग्रजीत ‘लॅकॉनिकली’ हा शब्द जे सांगतो, ते सगळं या ‘एवढंच’मध्ये आलं: शब्द कमी होते, जास्त अपेक्षित होते, आणि त्याने ते दिले नाहीत. ‘संक्षिप्तपणे म्हणाला’ खटकतं कारण ‘संक्षिप्त’ म्हणजे आधी लांब असलेलं आवरून छोटं केलेलं, जशी संक्षिप्त आवृत्ती. लॅकॉनिक बोलणं कधी लांब नव्हतंच.

---

भूर्जपत्र

उगमाबद्दल लिहितो, कारण इथे बऱ्याच गोष्टी एकात एक मिसळलेल्या असतात.

स्पार्टा हे शहर. ते ज्या प्रदेशात होतं तो लॅकोनिया: पेलोपोनीस द्वीपकल्पाचा आग्नेय भाग, पश्चिमेला टायगेटस पर्वत, पूर्वेला पार्नोन, मधून युरोटास नदी. आजही ग्रीसमध्ये लॅकोनिया नावाचा प्रशासकीय विभाग आहे. स्पार्टाच्या राज्याचं अधिकृत नाव होतं लॅसिडीमोन, आणि स्पार्टन सैनिकांच्या ढालींवर जे ‘लॅम्डा’ अक्षर सांगितलं जातं ते याच नावाचं आद्याक्षर, ‘स्पार्टा’चं नव्हे. तिथल्या माणसाला ग्रीकमध्ये ‘लाकोन’ म्हणत, त्यावरून विशेषण ‘लाकोनिकोस’, लॅटिनमध्ये ‘लाकोनिकुस’, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत ‘लॅकॉनिक’. तुमचे ‘ल’ आणि ‘क’ इथून आले.

गंमत अशी की इंग्रजीने एकाच जागेवरून दोन विशेषणं घेतली आणि कामं वाटून दिली. शहराच्या नावावरून आलेलं ‘स्पार्टन’ राहणीला लागतं: बिनसजावटीची खोली, साधं जेवण, कडक शिस्त. प्रदेशाच्या नावावरून आलेलं ‘लॅकॉनिक’ बोलण्याला लागतं. ‘स्पार्टन रिप्लाय’ किंवा ‘लॅकॉनिक रूम’ असं कोणी लिहीत नाही. फक्त ‘लॅकोनियाचा’ असा भौगोलिक अर्थ हवा असेल तर इंग्रजीत आता ‘लॅकोनियन’ वापरतात, मोठ्या अक्षराने. ग्रीकमध्ये ‘लाकोनिझेन’ असं क्रियापदही होतं, त्याचा अर्थ मात्र जास्त पसरट: स्पार्टन लोकांसारखं वागणं, त्यांच्यासारखा पेहराव करणं, राजकारणात त्यांची बाजू घेणं, आणि त्यांच्यासारखं तोडकं बोलणंसुद्धा. रोमन स्नानगृहातल्या कोरड्या उष्णतेने घाम काढायच्या खोलीलाही ‘लाकोनिकुम’ म्हणत, त्याचा उगमही हाच.

बोलण्याशी जोडलेला अर्थ नंतर इंग्रजांनी लावला असं समजू नका. तो ग्रीकांचाच आहे आणि चांगला जुना आहे. इ.स.पूर्व चौथ्या शतकात प्लेटोच्या संवादात ‘लाकोनिक अल्पभाषण’ असा शब्दप्रयोग आहे, आणि ‘स्वतःला ओळख’, ‘अति काहीच नको’ ही डेल्फीच्या मंदिरातली वचनं त्याचे नमुने म्हणून दिली आहेत. तिथे सॉक्रेटिस म्हणतो ते फार नेमकं आहे: अगदी सामान्य स्पार्टन माणसाशी बोला, बराच वेळ तो सुमार वाटेल, आणि मग संभाषणात कुठेतरी एकदम तो पट्टीच्या भालाफेक्यासारखं एक छोटं, घट्ट वाक्य फेकेल. उंबरठा यांनी वर म्हटलेली दुसरी कसोटी हीच.

ही सवय शिकवली जात असे. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लायकर्गसच्या (स्पार्टाचा आख्यायिकेतला कायदेकर्ता) चरित्रात सांगतो की मुलांवर देखरेख करणारा विशीतला तरुण रात्रीच्या जेवणानंतर एकेकाला प्रश्न विचारायचा, उदाहरणार्थ गावात सर्वांत चांगला माणूस कोण. उत्तरात कारण आणि पुरावा दोन्ही हवेत, आणि तेही मोजक्या शब्दांत बांधलेले. चुकीचं उत्तर देणाऱ्याच्या अंगठ्याला चावा घेतला जाई. त्याच ठिकाणी प्लुटार्क एक तुलना करतो, आणि माझ्या मते या शब्दाची त्याहून चांगली व्याख्या नाही: स्पार्टाचं लोखंडी नाणं वजनाला भारी आणि किमतीला हलकं होतं, बोलणं मात्र उलट, शब्द थोडे आणि मोल जास्त.

सर्वांत जुन्या गोष्टींपैकी एक ग्रीक इतिहासकार हेरोडोटसकडे आहे. इ.स.पूर्व सहाव्या शतकात सामोस बेटावरून हाकललेले लोक स्पार्टाकडे मदत मागायला आले आणि लांबलचक बोलले. स्पार्टन म्हणाले, सुरुवातीचं विसरलो, आणि शेवटचं कळलं नाही. दुसऱ्या वेळी ते लोक एक पिशवी घेऊन आले आणि एवढंच म्हणाले, ‘पिशवीला पीठ हवं.’ स्पार्टन म्हणाले, ‘पिशवी’ हा शब्द जास्तीचा झाला. मदत मात्र केली.

आता फिलिप. प्लुटार्कच्या वाचाळपणावरच्या निबंधात ही गोष्ट आहे. मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने लिहिलं: मी लॅकोनियात शिरलो, तर तुम्हाला देशोधडीला लावीन. स्पार्टनांनी परत लिहिलं: ‘ऐका’. हा त्यांच्या डोरिक बोलीतला ‘जर’. एकच शब्द. आंतरजालावर त्या धमकीत शहर जाळेन, बायकामुलांना गुलाम करीन असं बरंच काही भरलेलं असतं. प्लुटार्ककडे ते नाही. शिवाय प्लुटार्क फिलिपनंतर चारशेहून अधिक वर्षांनी लिहितोय, हे लक्षात ठेवायला हवं.

आणि गोष्टीला जोडलेलं एक शेपूट सरळ चुकीचं आहे: ‘त्या उत्तराने फिलिप घाबरला आणि लॅकोनियाकडे फिरकलाच नाही.’ इ.स.पूर्व ३३८ मध्ये कायरोनियाची लढाई जिंकल्यावर फिलिप लॅकोनियात आला, प्रदेशाची नासधूस केली आणि सीमेवरच्या जमिनी शेजाऱ्यांना वाटून दिल्या. स्पार्टा शहर घेतलं नाही, इतकंच. उत्तर बाणेदार होतं. त्याने सैन्य अडलं नाही.

याच फिलिपवरून इंग्रजीत दुसरा शब्द आला आहे, तोही सांगतो. त्याच्याविरुद्ध अथेन्समध्ये डेमॉस्थेनिसने जी भाषणं केली, पहिलं इ.स.पूर्व ३५१ मध्ये, त्यांवरून ‘फिलिपिक’ म्हणजे एखाद्यावर तुटून पडणारं जळजळीत भाषण. एकाच राजाला अथेन्सने भाषणांनी उत्तर दिलं आणि स्पार्टाने एका शब्दाने, आणि दोन्हींची आठवण इंग्रजीने ठेवली.

---

टाकबोरू

दोघांचेही आभार. ‘एवढंच म्हणाला’ ही युक्ती लगेच वापरण्यासारखी आहे. एक शंका राहते. ‘तुटक’ हा शब्द का चालणार नाही? ‘तुटक उत्तर’ म्हणजेही कमी शब्दांचंच उत्तर. आणि ‘टर्स’, ‘कर्ट’ वगैरेंचं कोडं अजून सुटलेलं नाही.

---

गाभा

‘तुटक’ चालणार नाही, कारण त्यात नातं तुटल्याची जाणीव आहे. ‘हल्ली तो तुटक वागतो’ म्हणतो तेव्हा आपण शब्द मोजत नसतो, अंतर मोजत असतो. इंग्रजीत त्याला जवळचा शब्द ‘कर्ट’. आणि इथे व्युत्पत्तीची मदत होते, कारण या कुटुंबातल्या प्रत्येक शब्दामागे एक चित्र आहे. चित्र लक्षात राहिलं की शब्द चुकत नाही.

‘कर्ट’ हा लॅटिन ‘कुर्तुस’वरून, म्हणजे आखूड केलेलं, छाटलेलं. मराठीतली ‘तोडून बोलणं’ ही लकब अगदी याच चित्रावर उभी आहे. म्हणून ‘ही वॉज कर्ट’ला ‘तो तोडून बोलला’ हे जवळजवळ तंतोतंत बसतं. यात समोरच्याला लागलेलं असतं.

‘कन्साइज’मध्येही कापणंच आहे, पण ते माळ्याचं कापणं. लॅटिन ‘काएदेरे’ म्हणजे कापणे. ‘प्रिसाइज’ आणि ‘इन्सिजन’ हे याच धातूचे भाऊ. फालतू फांद्या काढल्या, झाड राहिलं. हा मजकुराचा गुण आहे, स्वभावाचा नाही: कन्साइज अहवाल, कन्साइज कोश. मराठीत ‘आटोपशीर’. या शब्दात कौतुकच असतं, पण थंड कौतुक.

‘सक्सिंक्ट’चं चित्र मला या सगळ्यांत जास्त आवडतं. ‘सुब’ म्हणजे खालून, ‘चिंगेरे’ म्हणजे कमरेला बांधणे. पायघोळ झगा कामाच्या वेळी वर ओढून पट्ट्यात खोचला, की तो माणूस ‘सुक्चिंक्तुस’. ओचे खोचून कामाला लागलेली बाई डोळ्यांसमोर आणा. कापड कापलेलं नाही, कमी झालेलं नाही, फक्त पायात येत नाही. म्हणूनच एखाद्या लांब विषयाचं सार थोडक्यात सांगितलं की इंग्रजी त्याला ‘सक्सिंक्ट समरी’ म्हणतं. मराठीत ‘सुटसुटीत’ याच्या फार जवळ आहे. ‘कन्साइज’ आणि ‘सक्सिंक्ट’ बहुतेक वाक्यांत अदलाबदल करून चालतात, त्यांत फार डोकं घालवू नका.

‘टर्स’ने मात्र मधल्या काळात घर बदललं. लॅटिन ‘तेर्सुस’ म्हणजे पुसून लखलखीत केलेलं. कपडे-भांडी धुण्याचं ‘डिटर्जंट’ याच धातूतलं. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत ‘टर्स’ शैली म्हणजे घासूनपुसून नेटकी केलेली शैली. पुढे ‘नेटकी’तून ‘आटोपशीर’ आणि तिथून आजचा ‘कोरडी, थोडी फटकून असलेली’ असा प्रवास झाला. आज ‘टर्स स्टेटमेंट’ म्हटलं की निवेदन छोटं आहे आणि देणाऱ्याला देण्यात फारसा रस नव्हता, असं वाचायचं. ‘कर्ट’इतका तो उद्धट नाही, ‘लॅकॉनिक’इतका निवांत नाही. जुन्या पुस्तकात हा शब्द भेटला तर आधी काळ बघा, नाहीतर लेखकाने केलेल्या स्तुतीची मराठीत निंदा होईल.

‘पिथी’ हा शब्द लॅटिन नाही, अस्सल इंग्रजी. ‘पिथ’ म्हणजे झाडाच्या खोडातला मऊ गाभा. छोटं आणि गाभ्याला हात घालणारं, ते पिथी. मराठीत ‘मार्मिक’. इथे एक फरक ध्यानात ठेवा: पिथी बोलणाऱ्याला आपण काहीतरी टिपण्याजोगं बोलतोय हे माहीत असतं, लॅकॉनिक बोलणारा तसं दाखवत नाही.

राहिले न बोलण्याचे दोन शब्द. ‘टॅसिटर्न’ आणि ‘रेटिसंट’, दोन्ही लॅटिन ‘ताचेरे’, गप्प राहणे, यावरून. टॅसिटर्न माणूस स्वभावानेच अबोल, कधी कधी घुमा. रेटिसंट माणूस एखाद्या विषयावर, बहुधा स्वतःबद्दल, हात राखून बोलतो. लॅकॉनिक माणूस गप्प नसतो. तो बोलतो, आणि बोलल्यावर विषय संपतो. याच कारणाने ‘लॅकॉनिक सायलेन्स’ असा प्रयोग मला सदोष वाटतो. शब्दच नसतील तर थोडक्या शब्दांत काय राहिलं?

---

उंबरठा

गाभा यांच्या यादीत एका चुकीच्या वापराची भर घालतो, कारण तो भाषांतरात हमखास फसवतो. इंग्रजी वर्तमानपत्रांत, विशेषतः क्रीडावृत्तांत, ‘लॅकॉनिक’ हा ‘निवांत, सुस्त, कशाचीच घाई नसलेला’ अशा अर्थाने दिसतो. ‘लॅकॉनिक चाल’, ‘लॅकॉनिक फलंदाजी’. कोशांच्या दृष्टीने हा घोटाळा आहे. दोन कारणं असावीत. एक म्हणजे ‘लॅकाडेझिकल’ या शब्दाशी असलेलं ध्वनिसाम्य. त्याचा अर्थ खरोखरच निरुत्साही, ढिलं असा आहे आणि तो ‘अलॅक द डे’ या हळहळीच्या उद्गारातून आलाय, लॅकोनियाशी काही संबंध नाही. दुसरं, कथा-चित्रपटांतलं मोजकं बोलणारं पात्र बहुधा भिंतीला टेकून, सावकाश हालचाली करणारंच रंगवलेलं असतं, त्यामुळे त्याचं बोलणं आणि चालणं लोकांच्या मनात एक झालं.

म्हणून मजकुरात ‘लॅकॉनिक’ कशाला जोडलंय ते पाहा. बोलणं, लिहिणं, शैली, विनोद यांना जोडलं असेल तर वरचे सगळे नियम लागू. चाल, फटका, बसण्याची ढब यांना जोडलं असेल तर लेखकाला ‘संथ’ किंवा ‘निवांत’ म्हणायचंय. तिथे ‘अल्पाक्षरी’ लिहिलंत तर वाक्य मराठीत अर्थहीन होईल. मूळ लेखकाची चूक मराठीत शब्दशः जपण्याचं कारण नाही.

नामरूपांबद्दल: ‘लॅकॉनिझम’ आणि ‘लॅकॉनिसिझम’ दोन्ही कोशांत आहेत, लिहिण्यात क्वचितच येतात. जुन्या मजकुरात ‘लॅकॉनिकल’ असंही विशेषण भेटेल, अर्थ तोच.

आणि ‘जर’बद्दल भाषांतराच्या अंगाने एक मुद्दा. मराठीत ‘जर’ एकटा उभा राहिला की वाक्य अर्धवट तुटल्यासारखं वाटतं, कारण आपल्याकडे अटीचं खरं वजन ‘जर’मध्ये नसून ‘तर’मध्ये असतं. रोजच्या बोलण्यात आपण ‘जर’ गाळतो, ‘तर’ कधीच गाळत नाही: ‘आलास तर सांगतो.’ फिलिपची धमकी मराठीत नैसर्गिक लिहिली तर ती ‘मी आलो, तर तुम्हाला देशोधडीला लावीन’ अशीच होईल, आणि त्यात ‘जर’ नसेलच. मग उत्तरात ‘जर’ कुठून उपटणार? मी ‘आलास, तर.’ असं करीन. शब्द दोन झाले, पण खोच मराठीत जिथे असते तिथे पडली. मूळ एका शब्दाचं होतं हे वाचकाला कळायलाच हवं असेल, तर धमकीतही ‘जर’ मुद्दाम घालावा आणि मग उत्तरात तो उचलावा. दोन्हींतलं एक निवडा. धमकीत ‘तर’ आणि उत्तरात ‘जर’ अशी सरमिसळ करू नका.

---

भूर्जपत्र

या मुद्द्याशी पूर्ण सहमत. सरावासाठी फिलिपपेक्षा चांगला नमुना हवा असेल तर इ.स.पूर्व ४१० मधलं पत्र घ्या. सिझिकसच्या आरमारी लढाईत स्पार्टाचा नौदलप्रमुख मिंडारस मारला गेला. त्याच्या हाताखालच्या हिपोक्रॅटिस नावाच्या अधिकाऱ्याने (वैद्य तो वेगळा) घरी पत्र पाठवलं, ते वाटेत अथेन्सच्या हाती लागलं. ग्रीक इतिहासकार झेनोफनने त्यातला मजकूर त्यांच्याच बोलीत जसाच्या तसा दिलाय. चार वाक्यं, सगळे मिळून अकरा ग्रीक शब्द.

याचं महत्त्व असं की बाकीच्या बहुतेक गोष्टी शतकानुशतकं सांगून घोटून गुळगुळीत झालेल्या आहेत. उदाहरणार्थ, इ.स.पूर्व ४०४ मध्ये स्पार्टाचा सेनापती लायसँडर याने ‘अथेन्स घेतलं’ असं कळवलं आणि वरिष्ठांनी ‘“घेतलं” पुरे होतं’ असं उत्तर दिलं, ही गोष्ट सांगून प्लुटार्क स्वतःच म्हणतो की ती शोभेसाठी रचलेली आहे. सिझिकसच्या पत्रात टाळी घेण्याचा प्रयत्न नाही. हरलेला माणूस हिशेब देतोय.

---

टाकबोरू

त्या पत्राच्या इंग्रजी भाषांतरावरून प्रयत्न केला: ‘जहाजं बुडाली. मिंडारस मरण पावला. सैनिकांची उपासमार होत आहे. आम्ही काय करावं हे आम्हाला समजत नाही.’ वाचताना अजून सरकारी वाटतंय. काय कमी करू?

---

भूर्जपत्र

कमी करण्याआधी एक चूक काढा. ‘बुडाली’ नको. झेनोफन सांगतो की अथेन्सवाल्यांनी जहाजं पकडून नेली, आणि स्पार्टाच्या बाजूने लढणाऱ्या सिराक्यूजच्या खलाशांनी आपली स्वतःच जाळली. पत्रातलं क्रियापद ‘गेली, वाया गेली’ अशा अर्थाचं आहे. ‘जहाजं’ही नाही तिथे, शब्दशः ‘लाकडं’ आहे, खलाशी आपल्या जहाजांना म्हणतात तसं. पण ‘लाकडं गेली’ मराठीत नको, लाकडं म्हटलं की आपल्याला सरण आठवतं. ‘गलबतं’ घ्या.

मिंडारससाठीही मूळ पत्रात ‘मेला’ नाही. जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘निघून गेला’. इंग्रजीला तिथे ‘डेड’ लिहावं लागतं. मराठीला लागत नाही, कारण ‘गेला’ म्हटलं की आपल्याकडे कळतं.

तिसऱ्या वाक्यात ‘होत आहे’ काढा, क्रियापदच काढा. चौथ्यात ‘आम्ही’ आणि ‘आम्हाला’ दोन्ही काढा. ग्रीकमध्ये कर्ता क्रियापदातच आहे, आणि मराठीत तो न सांगता कळतो. शिवाय ‘समजत नाही’पेक्षा ‘सुचत नाही’ बरोबर, कारण मूळ क्रियापद वाट न सापडण्याचं आहे.

गलबतं गेली. मिंडारस गेला. माणसं उपाशी. काय करावं सुचत नाही.

दहा शब्द झाले. मुळाहून एक कमी.